इको, सिटी, स्पोर्ट : कोणते बटण केव्हा?

टुरिस्ट गाडी चालवणारा असो की स्वतःच्या गाडीतून गावोगाव माल पोचवणारा व्यापारी, रोजच्या खर्चात इंधनाचा वाटा मोठा असतो. म्हणून नवी गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "अॅव्हरेज किती?" मात्र त्याच गाडीतील ड्राइव्ह मोडच्या बटणाला अनेकजण वर्ष-वर्ष हात लावत नाहीत. काहीजण एकदा 'इको' लावतात आणि घाट असो की महामार्ग, ते बदलत नाहीत. पहिल्या सवयीत पैसा जातो, दुसरीत कधी कधी जीवावर बेतते.

ही सोय आता मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते. टाटाच्या टियागोमध्ये २०१६ साली इको व सिटी, तर नेक्सॉनमध्ये २०१७ साली इको, सिटी व स्पोर्ट असे मोड आले. महिंद्राच्या २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० या गाडीत डिझेल इंजिनासाठी झिप, झॅप, झूम अशी नावे दिली गेली. नावे निराळी असली तरी तत्त्व एकच आहे.

बटण काय करते?

आजच्या गाडीत अॅक्सिलरेटरवरचा पाय थेट इंजिनाला हुकूम देत नाही. पाय किती दाबला हे आधी गाडीतील संगणकाला कळते आणि इंजिनाने किती जोर लावायचा हे तो ठरवतो. इकोमध्ये तो हात आखडता घेतो. ऑटोमॅटिक गाडी असेल तर वरचा गिअर लवकर टाकतो. काही गाड्यांत एसीही सौम्य होतो. स्पोर्टमध्ये याच्या उलट घडते. गाडी चटकन उचल घेते, गिअर जास्त वेळ खाली राहतो आणि इंधनही जास्त जळते. सिटी किंवा नॉर्मल हा मधला मार्ग. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत गिअर चालकाच्याच हाती राहतो, फक्त अॅक्सिलरेटरचा स्वभाव बदलतो.

केव्हा कोणता?

शहरातील गर्दीत आणि सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना इको चांगला. गाडी भरलेली आहे आणि चढण लागली, तर सिटी किंवा स्पोर्ट घ्यावा. दोनपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचे असेल तर मोड आधी बदलावा, मग गाडी बाहेर काढावी. समोरून वाहन येत असताना इकोतली गाडी उचल घ्यायला रेंगाळली, तर तेवढा वेळ हातात नसतो.

उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचते, ही समजूत जुनी आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना पाय उचलला की इंजिनाचे इंधन बहुधा बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. शिवाय इंजिनाचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड कमी होते. खंडाळा असो की आंबोली, उतरताना गिअर खालचाच हवा. ऑटोमॅटिकमध्ये 'एल' किंवा हाताने गिअर बदलण्याची सोय असेल तर ती वापरावी.

बहुतेक गाड्यांत मोड चालत्या गाडीतही बदलता येतो, परंतु रस्ता सरळ पाहून आणि नजर रस्त्यावर ठेवूनच. मोड म्हणजे गिअर नव्हे. 'आर' आणि 'पी' गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकावेत. काही गाड्या बंद करून पुन्हा सुरू केल्या की मूळ मोडवर येतात, तेही पाहून घ्यावे.

हिशेब स्वतः करा

समजा महिन्याला २,५०० किलोमीटर धाव आहे. लिटरला १५ चे अॅव्हरेज १६ झाले, तर सुमारे १० लिटर इंधन वाचते. लिटरचा भाव १०० रुपये धरला तर वर्षाला बारा हजार रुपये झाले. आपल्या गाडीत खरोखर किती वाचते, हे टाकी सांगेल. टाकी पूर्ण भरून मीटरचा आकडा वहीत लिहा. आठवडाभर इको वापरा. पुन्हा त्याच पंपावर टाकी पूर्ण भरा आणि धावलेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. पुढचा आठवडा त्याच मार्गावर सिटी वापरून पाहा. फरक दिसला नाही तर दोष बटणाचा असेलच असे नाही. इको लावून पाय तळापर्यंत दाबण्याची सवय असेल, तर बटण तरी काय करणार?