आधी पत्ता, मग बाकीचं

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांचे पहिले दिवस नवलाईचे असतात आणि खरा त्रास दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो, असं आपण धरून चालतो. १९५५ साली नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहिलेल्या दोनशे फुलब्राइट अभ्यासकांच्या पाहणीवरून आधी उत्साह, मग घसरण, मग जम असा आलेख मांडला, तेव्हापासून हा समज पक्का झाला. पण त्यांनी कमी-अधिक मुदतीसाठी राहिलेल्या निरनिराळ्या माणसांची तुलना केली होती, एकाच माणसाचा पाठपुरावा केला नव्हता. १९९८ साली कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांना पहिल्या चोवीस तासांपासून वर्षभर पुन्हा पुन्हा गाठलं. सर्वांत जास्त त्रास आढळला तो पोहोचतानाच. पाहणी लहान होती खरी. पण जर्मनीत उतरणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याची पहिला पंधरवडा पाहिला की त्या पाहणीचा निष्कर्ष पटतो, आणि तिथला बराचसा त्रास मनापेक्षा कागदांनी दिलेला असतो हेही दिसतं.

जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद, म्हणजे ‘अनमेल्डुंग’, करावी लागते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा दाखला हवा. नुसता भाडेकरार चालत नाही. रेसिडेन्स परमिटच्या अर्जाला ही नोंद लागते, बऱ्याच बँका खातं उघडताना ती मागतात, आणि व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये अडकवलेले ११,९०४ युरो महिन्याला ९९२च्या हप्त्याने सुटू लागतात तेही चालू खातं उघडल्यावरच. म्हणजे पैसा स्वतःचा, पण खोलीचं डिपॉझिट भरायला हाताशी नाही. टॅक्स नंबर टपालाने येतो. तिथे पत्रपेटीवर घर क्रमांक नव्हे, आडनाव असतं. पेटीवर ‘कुलकर्णी’ची चिठ्ठी चिकटवली नसेल तर पत्र आल्या वाटेने परत जातं.

विद्यापीठं स्वागत-सप्ताह घेतात, सोबतीला सीनियर देतात, मग अडतं कुठे, असं कोणी विचारेल. ही मदत मोलाची आहे, पण घरमालकाची सही विद्यापीठ आणून देऊ शकत नाही. एकटेपणा कागदांनी जात नाही, हेही खरं. पण पक्का पत्ता नसल्याने दर आठवड्याला बॅगा उचलून नवं हॉस्टेल गाठणाऱ्या मुलाला मैत्री करायला उसंत मिळावी कशी? आधी पत्ता पक्का करून निघावं, या सल्ल्यावरचा खरा बिनतोड आक्षेप वेगळाच आहे: पुण्यात बसून म्युनिकमध्ये खोली मिळवायची कशी? न पाहिलेल्या घरासाठी डिपॉझिट पाठवून फसलेल्यांची उदाहरणं कमी नाहीत. यावर रामबाण उपाय नाही. प्रवेशाचं पत्र येताच किंवा नियम परवानगी देत असतील तर त्याआधीच विद्यार्थी-वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव घालावं, पहिल्या महिन्यापुरती खोली घेताना ‘इथे अनमेल्डुंग होईल का’ हे लेखी विचारून घ्यावं, आणि मसाल्याच्या डब्यांची यादी त्यानंतर करावी. जर्मन कायद्यानुसार डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त असू शकत नाही आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत देता येतं. एवढं ठाऊक असलं तर चावी देण्याआधी सगळी रक्कम मागणाऱ्याबद्दल वेळीच शंका तरी येते.