नळी एकाची, बोल्ट दुसऱ्याचा

अमेरिकेत जुन्या शिकारी रायफली विकायला येतात तेव्हा त्यांतल्या पुष्कळ रायफलींवर बनवणाऱ्याचं नावच सापडत नाही. अक्रोडाचा सुबक दस्ता, वर वीव्हरची दुर्बीण, काळीभोर चकाकती नळी आणि पोटात मात्र महायुद्धांतलं लष्करी सामान. आजोबांच्या कपाटातून ती बाहेर काढणारा नातू विचारतो, ही कुठल्या कंपनीची? त्याला एका नावाचं उत्तर देणारा माणूस बहुधा थापा मारत असतो. अशा रायफलीच्या प्रत्येक भागाला वेगळं विचारावं लागतं.

हा सगळा पसारा आला कुठून, हे पाहण्यासारखं आहे. युद्ध संपलं की सैन्याकडे रायफलींचे ढीग उरतात. अमेरिकी सरकारने आपल्याकडच्या रायफली नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना स्वस्तात विकल्या. युरोपातल्या माउझर रायफली सॅम्युएल कमिंग्जच्या इंटरआर्मकोसारख्या व्यापाऱ्यांनी जहाजं भरभरून आणल्या. 1968 च्या कायद्याने लगाम घालेपर्यंत बंदूक टपालाने मागवता येत असे. मिझुरीतल्या वॉर्सा या गावी बिशप आणि फायेन या दोन कंपन्या अर्धवट कोरलेले दस्ते विकायच्या. बाकीचं काम घेणाऱ्याने घरी कानस नि पॉलिशपेपर घेऊन करायचं. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड कॉलेजात 1947 पासून बंदूककामाचा अभ्यासक्रमही सुरू झाला. नाव कोरायची सवय नसलेले हजारो हात या कामाला लागले होते. त्यामुळे निनावी रायफलीत कधी उत्तम कारागिरी दिसते, तर कधी चक्क आडदांडपणा.

ओळख पटवायला सर्वांत सोपी म्हणजे 1917 सालच्या नमुन्याची रायफल. विंचेस्टर, रेमिंग्टन आणि पेनसिल्व्हेनियातला एडिस्टोन अशा तीन कारखान्यांनी मिळून ती सुमारे 22 लाख तयार केली. त्यांतल्या 11 लाखांहून अधिक एकट्या एडिस्टोनच्या. सुट्या भागांवर डब्ल्यू, आर किंवा ई असं बारीक अक्षर उठवलेलं असतं. दस्ता उतरवून भिंग लावलं की बोल्ट विंचेस्टरचा, चाप रेमिंग्टनचा आणि रिसीव्हर, म्हणजे बोल्ट नि नळी सांभाळणारा मधला सांगाडा, एडिस्टोनचा, असं संमेलन बरेचदा दिसतं. पण ही सरमिसळ घरच्या कारागिराचीच असेल असं नाही. दुसऱ्या महायुद्धात सरकारी दुरुस्तीशाळांनीच या रायफली खोलून पुन्हा जोडल्या आणि जॉन्सन ऑटोमॅटिक्सच्या जेए किंवा हाय स्टँडर्डच्या एचएस शिक्क्याच्या नव्या नळ्या चढवल्या. मूळ नळीत डावीकडे वळणाऱ्या पाच खाचा असतात. नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि खाचा उजवीकडे वळताना दिसल्या, की नळी बदललेली आहे एवढं तरी पक्कं.

याच रायफलीला मागच्या बाजूला नेमाच्या पट्टीचं रक्षण करणारे दोन ‘कान’ असतात. दुर्बीण बसवायची तर ते तासावे लागतात, आणि तासले की खालचा पोकळ खड्डा उघडा पडतो. तो कुणी वेल्डिंगने भरून सपाट केला असेल तर तो कारागीर खरा. कुणी तसाच ठेवून वर दुर्बिणीची पट्टी ठोकलेली असते. एडिस्टोनच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. कारखान्यात नळ्या फार करकचून आवळल्या होत्या. नळी काढताना जोर लावला की रिसीव्हरला केसासारखी चीर जाण्याची भीती. जाणकार आधी नळीच्या खांद्याशी खाच पाडून ताण सैल करतात आणि मगच आटे फिरवतात.

स्प्रिंगफील्ड 1903 या लष्करी रायफलीची गोष्ट याहून गंभीर. 1917 मध्ये काही रायफली फुटल्या आणि चौकशीत कळलं, की घडवताना रिसीव्हरचं पोलाद जास्त तापून जळलं होतं. भट्टीवरचे जुने कारागीर तापमान नजरेने, लोखंडाच्या रंगावरून ठरवत. तापमापक लावल्यावर दिसलं की लख्ख उन्हाच्या दिवशी ‘बरोबर’ वाटणाऱ्या रंगाचं पोलाद ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक तापलेलं असू शकतं. ज्युलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने हे नंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं. म्हणून स्प्रिंगफील्ड कारखान्याचे 8,00,000 च्या खालचे आणि रॉक आयलंडचे 2,85,507 च्या खालचे क्रमांक आजही संशयित. सगळेच वाईट नव्हेत, पण वाईट कोणता हे बाहेरून कळत नाही. फिलाडेल्फियाच्या सेजलीने असे रिसीव्हर पुन्हा तापवून, पाणी देऊन देखण्या शिकारी रायफली बनवल्या. माझं मत विचाराल तर त्या भिंतीवर शोभतात.

माउझरवाल्यांची गंमत वेगळी. रिसीव्हरवरचं ‘बीवायएफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, ‘डीओटी’ म्हणजे पूर्वीच्या चेकोस्लोव्हाकियातलं ब्रनो. शोभेसाठी रिसीव्हर घासून गुळगुळीत करणाऱ्यांनी ही अक्षरंच पुसून टाकली. तरी दस्त्याखालच्या, कानस न पोचलेल्या जागी गरुडाचा छोटा शिक्का कधीकधी टिकून राहतो.

आपल्याकडे हा खेळ वेगळ्या कारणाने रंगला नाही. सैन्याच्या .303 काडतुसावर नागरिकांना बंदी. म्हणून ली-एनफिल्डच्याच धाटणीची .315 शिकारी रायफल आपल्या आयुध कारखान्यांतून निघाली. तिच्यावर कारखान्याचं नाव ठळक असतं.

जमवाजमवीच्या रायफलीत शेवटची परीक्षा चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची. बोल्ट एकीकडचा आणि नळी दुसरीकडची असेल, तर काडतुसाच्या मागे किती जागा उरते हे मापकानेच तपासावं लागतं. त्यासाठी बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यापर्यंतची लांबी मोजतात. .30-06 काडतुसासाठी ती किमान 1.940 इंच, कमाल 1.950, म्हणजे सगळी मोकळीक पाव मिलिमीटरची. त्यातून नळीवर कोरलेला आकडा खराच असेल याचीही खात्री नसते, कारण एखाद्या हौशी माणसाने चेंबर नंतर मोठं कोरलेलं असू शकतं. मग सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वितळवून चेंबरमध्ये ओततात. तो उकळत्या पाण्याच्या उष्णतेतही वितळतो. थंड होताना आधी थोडा आकसतो, मग हळूहळू फुगतो आणि साधारण तासाभराने चेंबरच्या नेमक्या मापाला येतो. तो साचा त्याच वेळी मायक्रोमीटरखाली धरायचा, आणि माप कळेपर्यंत रायफलीत काडतूस घालायचं नाही.