12 व्होल्ट, 50 अँपिअर

गाडीच्या बॅटरीला हात लागला तरी झटका बसत नाही, म्हणून सबवूफरचे वायरिंग कसेही उरकले जाते. पण इथे धोका व्होल्टचा नाही, अँपिअरचा असतो. 500 वॉट देणारा, 80 टक्के कार्यक्षम अँप्लिफायर बॅटरीकडून 625 वॉट ओढतो, म्हणजे सुमारे 50 अँपिअर. घरातला दीड टनाचा एसी 7-8 अँपिअरवर चालतो!

हा प्रवाह बॉनेटपासून डिक्कीपर्यंत 5 मीटर न्यायचा असतो. घरच्या सॉकेटची 2.5 चौरस मिलिमीटरची तार जोडली, तर वाटेतच 1.7 व्होल्ट खर्ची पडतात आणि 85 वॉट उष्णता तारेत निघते. 16 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ती 13 वॉटवर येते. त्यात चंद्रपूरचा मे महिना. तापमान अंशाने वाढले की तांब्याचा रोध सुमारे 0.4 टक्क्याने वाढतो. गार गॅरेजमध्ये पुरेशी वाटलेली तार पंचेचाळिशी ओलांडलेल्या उन्हात, बॉनेटखाली कमी पडते. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त असते, पण रोध बराच जास्त. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरट दिसली, तर ती घेऊच नये.

तारेची लांबी आणि प्रवाह यांचे हे नाते कोलोनमधल्या एका शाळामास्तराने, गेऑर्ग ओमने, तारांचे तुकडे एकेक मोजून शोधले. 1827 साली पुस्तक निघाले तेव्हा जर्मनीत त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक मिळायला 1841 उजाडले.

फ्यूज अँप्लिफायरसाठी नसून तारेसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा. डिक्कीत बसवला तर मधली सगळी तार उघड्यावर राहते. इंजिनमागच्या पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट नसेल, तर आलापल्ली–सिरोंचा रस्त्याच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार आवरण कापते. तार बॉडीला टेकते आणि बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते. जवळचा 60 अँपिअरचा फ्यूज तेव्हा क्षणात उडतो.

काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडावा, म्हणजे पान्हा चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. अर्थची तार तेवढीच जाड आणि आखूड हवी. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावा. 4 ओमचे दोन सबवूफर समांतर जोडले की 2 ओम होतात. अँप्लिफायरला ते चालते का, हे त्याच्यावरच छापलेले असते. निगेटिव्ह सर्वांत शेवटी जोडावा. पंधरा मिनिटे वाजवून फ्यूजहोल्डर आणि अर्थचा बोल्ट चाचपावा. चटका बसला, तर तिथला जोड सैल आहे.