आधी उलटायला शिका!

डिसेंबर लागला की कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच. पवनेला टेंट, रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे-चहा आणि सगळ्यात खाली, ‘कयाकिंग इन्क्लुडेड’. कुणीतरी लगेच अंगठा टाकतं. कुणीतरी भीत भीत विचारतं, ‘मला पोहता येत नाही, चालेल ना?’ त्यावर उत्तर ठरलेलं, ‘अरे, जॅकेट देतात की!’ मग गाड्या कुणाच्या आणि पेट्रोलचे पैसे कसे वाटायचे, याकडे चर्चा सरकते.

त्या प्रश्नावर जरा थांबू या.

कयाक चालवणं सोपं आहे, हे आधीच कबूल करून टाकू. सायकलपेक्षाही सोपं. सायकल शिकताना निदान गुडघे फुटतात. कॅम्पवर मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कयाकवर, म्हणजे जिच्यावर उघड्यावरच बसतात त्या ‘सिट-ऑन-टॉप’वर, पंधरा-वीस मिनिटांत कुणीही पुढे सरकायला लागतं. गंमत तीच आणि घोळही तोच. वीस मिनिटांत तुम्ही काठापासून बऱ्यापैकी लांब गेलेले असता, आणि तिथं पाण्यात पडलात तर परत वर कसं चढायचं, हे तुम्हाला कुणी दाखवलेलंच नसतं.

ज्यांनी कयाक बनवली, त्यांनी हा विचार आधी केला होता. आर्क्टिकच्या टोकाला राहणाऱ्या इन्युइट लोकांची ही शिकारीची होडी. तिकडे झाडं नाहीत, म्हणून समुद्रातून वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवायचं. त्या बर्फगार पाण्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. म्हणून होडी उलटली तरी बाहेर न येता, वल्ह्याच्या आणि कमरेच्या एका झटक्यात तिला पुन्हा सरळ करण्याची युक्ती त्यांनी शोधली. आज जगभर तिला ‘रोल’ म्हणतात.

तुम्हाला पहिल्या दिवशी रोल शिकायची गरज नाही. पण पडायची आहे. मुद्दाम. काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, शिकवणारा शेजारी उभा असताना. पडल्यावर पहिलं काम एकच : कयाक धरायची. ती तरंगते आणि लांबूनही दिसते. तिला सोडून काठाकडे पोहत सुटणं हा सगळ्यात वाईट निर्णय, कारण पाण्यात बसलेल्याला काठ असतो त्यापेक्षा जवळ वाटतो. कयाक पालथी झाली असेल तर पलीकडची कड पकडून आपल्याकडे ओढा, ती सुलटी होते. मग सीटच्या बाजूला या, दोन्ही हात वर ठेवा, पाय मागे पाण्याच्या पातळीवर येऊ द्या आणि जोरात मारत छाती वर ढकला. आधी पोट, मग बूड, मग पाय. हा क्रम चुकवून कुणी थेट पाय टाकायला जातं आणि पुन्हा धप्पकन पाण्यात. दोनदा-तीनदा जमलं की भीती उतरते. भीती उतरलेला माणूस मुळात कमी पडतो, कारण तो कडा घट्ट धरून ताठ बसत नाही.

आता जॅकेट. ‘देतात’ हे खरं, पण कसं देतात ते बघा. एकाच मापाची जॅकेटं, निम्म्यांची बकलं तुटलेली, आणि ‘टाका गळ्यात’ एवढीच सूचना. घातल्यावर मित्राला सांगा, खांद्याशी धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. पाण्यात पडलात की ते वर सरकणार आणि तुम्ही खाली. पट्टे आवळा, नाहीतर दुसरं मागा. आणि फोटोसाठी पाण्यात असताना ते काढायचं नाही. केशरी रंग ड्रेसला मॅच होत नाही हे मान्य, पण रील काठावरही होतं.

हात दुखतायत? मग चुकतंय

वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पात्यावरची अक्षरं उलटी दिसत असतील तर बहुतेक वल्हंच उलटं धरलंय. नवखा माणूस फक्त हातांनी ओढतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. ताकद कमरेतून यायला हवी. एका बाजूचं पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं, धड फिरवायचं, कमरेशी आलं की बाहेर काढायचं. उजवीकडे वळायचं तर डावीकडून लांब, गोल फटका. थांबायचं तर उलटं वल्हवायचं.

दोघांची कयाक घेतलीत तर समोरचा लय ठरवतो आणि मागचा दिशा सांभाळतो. दोघांनीही दिशा सांभाळायची ठरवली की काय होतं, ते दहाव्या मिनिटाला कळेल. इंग्रजीत अशा होडीला गमतीनं ‘डिव्होर्स बोट’ म्हणतात ते उगाच नाही.

तलाव म्हणजे पूल नव्हे

हे मात्र नीट वाचा. आपण ज्यांना ‘लेक’ म्हणतो त्या पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा या सगळ्या जागा धरणांच्या आहेत. खाली बुडालेल्या जमिनी आहेत. शेतं, बांध, विहिरी, भिंती, झाडांचे बुंधे. पवनेचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की वाघेश्वराचं मंदिर वर येतं, उजनीत पळसनाथाचं. एरवी त्यांच्यावरून होड्या जातात. ज्यांची गावं खाली गेली त्यांच्यासाठी तो ‘व्ह्यू’ नाही, एवढं तिथं मोठ्यानं गाणी लावताना लक्षात असलेलं बरं.

पोहणाऱ्यासाठी याचा साधा अर्थ असा की तळ सपाट नाही. एक पाऊल कमरेएवढ्या पाण्यात, दुसरं बांधावरून थेट खाली. पाणी उतरत असेल तर काठाला गाळ असतो आणि पाय रुततो. म्हणून ‘इथं उथळच आहे’ असं नुसतं बघून ठरवू नका. काठावर जाळं विणत बसलेले काका असतील तर त्यांना विचारा, ‘काका, इथं खाली काय आहे?’ ते जे सांगतील ते कुठल्याही ॲपवर नाही. त्यांच्या जाळ्यांकडेही लक्ष ठेवा. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, लांबून वळसा घ्यायचा.

आणि वारा. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दुपारी लाटा घेऊन येतं. धरणाचं पाणी उघडं, अडवायला काही नाही. जाताना वारा पाठीवर असला की वाटतं, आपल्याला काय भारी जमतंय! परतताना तोच तोंडावर येतो, तेव्हा हातात जोर उरलेला नसतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना तो ढकलेल. एप्रिल-मेमध्ये तर दुपारनंतर पाण्यात उतरूच नका. २१ मे २०२४ ला संध्याकाळी उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. ती कयाक नव्हती, पण वारा होडी बघून येत नाही.

नदीचं गणित वेगळं

तलावात धोका वाऱ्याचा, नदीत प्रवाहाचा. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायला जाऊ नका. दगडात पाय अडकला की मागचं पाणी माणसाला पुढे पाडतं आणि दाबून ठेवतं. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याबाहेर, आणि शांत पाणी येईपर्यंत तरंगत राहायचं.

आपल्याकडच्या नद्यांवर आणखी एक गोष्ट ठायी ठायी आहे : केटी, म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की बर्गे घालतात आणि मागे पाणी साठतं. ते संथ पाणी कयाकला मस्त. पण बंधाऱ्यावरून पाणी सांडत असेल तर वरच्या अंगानं येणाऱ्याला पडणारं पाणी दिसत नाही, फक्त नदीवर एक सरळ रेघ दिसते. खाली पडलेलं पाणी तिथल्या तिथं उलटं फिरत राहतं आणि सापडलेल्याला पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतं. तिथं जॅकेटही पुरत नाही. रेघ दिसली की काठाला लागा, होडी उचला आणि चालत पलीकडे जा.

कुंडलिकेची गोष्ट आणखी वेगळी. कोलाडला भर उन्हाळ्यातही राफ्टिंग कसं चालतं, असा प्रश्न पडला असेल, तर ते पाणी येतं मुळशीहून. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी खाली भिऱ्याच्या वीजघरात पडतं, वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत येतं. त्याच मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह उभारला होता. म्हणजे या नदीची पातळी पावसावर कमी आणि वीजघरावर जास्त. सकाळी कोरडा दिसलेला दगड तासाभरानं पाण्याखाली असू शकतो. तिथं स्वतःच्या हिमतीवर कयाक टाकायची नाही, पाणी कधी सुटतं हे रोज बघणाऱ्यांसोबतच जायचं.

ज्यांना वीकेंडच्या पुढे जायचंय, त्यांच्यासाठी रस्ता आहे. पुण्यात सीओईपीचा बोट क्लब विद्यार्थीच चालवतात आणि त्यांच्या रेगाटात कयाकचा बॅले बघायला गर्दी होते. ज्या मुळेत ते सराव करतात तिथली जलपर्णी आणि पाण्याचा वास सोसून ही मुलं पहाटे उतरतात, त्यांना सलाम. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ १९३६ पासून आहे. आणि भोपाळच्या तलावावर तयार झालेली प्राची यादव, जिचे पाय साथ देत नाहीत, तिनं २०२३ च्या हांगझोऊ पॅरा आशियाई स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्ण जिंकलं. ताकद धडातून येते हे पटत नसेल तर तिचा व्हिडिओ बघा.

तर आता तो कॅम्पवाल्याचा नंबर. पैसे पाठवायच्या आधी फोन करा आणि विचारा. आमच्यासोबत पाण्यात कोण असणार? सुटकेसाठी वेगळी बोट तयार असते का? आमच्यातल्या दोघांना पोहता येत नाही, त्यांना आधी काठाजवळ पडून चढायला शिकवाल का? रात्री ‘बसलेल्यां’ना सकाळी पाण्यात सोडता का? उत्तर ‘काय होत नाय हो, सगळे जातात’ असं आलं, तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर शोधा. पवनेच्या काठावर कॅम्पना तोटा नाही.