"कशावर रिसर्च करतेस गं?"



मंडळाच्या कार्यक्रमांना पीएच.डी. करणारी मुलं-मुली येतात. कौतुकाने विचारावं, "कशावर रिसर्च करतेस गं?", तर उत्तर येतं, "सेमीकंडक्टर नॅनोमटेरिअल्स आणि बायोसेन्सर्स." आपण "अरे वा!" म्हणतो आणि बटाटेवड्याकडे वळतो. पुढच्या वेळी गप्पा तिथेच थांबू नयेत, म्हणून हा छोटासा लेख.

सुरुवात घरापासून करू. आई-बाबांची शुगर तपासायचं ग्लुकोमीटर हा बायोसेन्सरच आहे. त्याच्या पट्टीवरचं एन्झाइम रक्तातलं ग्लुकोज ओळखतं, त्या क्रियेत इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि यंत्र तो प्रवाह मोजून आकडा दाखवतं. म्हणजे एक ओळखणारा आणि एक सांगणारा, अशी ही जोडी. लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये ही कल्पना मांडली.

पण रक्तात साखर भरपूर असते. हृदयाला इजा झाल्यावर रक्तात येणारं ट्रोपोनिनसारखं प्रथिन मात्र अगदी नगण्य असतं. ते पकडायला सांगणाराही तितकाच हळवा हवा. इथे नॅनो उपयोगी पडतं.

सेमीकंडक्टरमधून किती वीज वाहते, ते जवळच्या विद्युतभारावर अवलंबून असतं. जाड तारेच्या पृष्ठभागावर एखादं प्रथिन चिकटलं तर तिला पत्ताही लागत नाही. पण तार केसाच्या हजारो पट बारीक असेल, तर तिचा प्रवाह लगेच बदलतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये सिलिकॉनच्या अशा तारांनी प्रथिनं ओळखून दाखवली. दुसरा प्रकार क्वांटम डॉट्सचा. पदार्थ तोच, पण कण लहान असेल तर निळा प्रकाश आणि मोठा असेल तर लाल. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग हे अजून घरोघरी का नाही? घोडं अडतं ते रक्तातल्या मिठापाशी. क्षारांचे आयन प्रथिनाचा विद्युतभार झाकून टाकतात, त्यामुळे तो जेमतेम १ नॅनोमीटरपर्यंत जाणवतो. प्रथिन पकडणारी अँटिबॉडीच १० नॅनोमीटरच्या आसपास असते! शिवाय नको ती प्रथिनंही तारेला चिकटतात. पाण्यात उत्तम चाललेला सेन्सर रक्तात गप्प बसतो, तो असा.

म्हणूनच या विषयात एका डिग्रीवर भागत नाही. तार बनवायला फिजिक्स, तिच्यावर अँटिबॉडी बसवायला केमिस्ट्री, रक्त समजायला बायोलॉजी आणि सिग्नल वाचायला इलेक्ट्रॉनिक्स लागतं. फिजिक्सची मुलगी पेशी वाढवताना दिसली, तर ती वाट चुकलेली नाही.

तेव्हा मंडळी, "कधी संपणार पीएच.डी.?" हा प्रश्न यंदा राहू द्या. त्याऐवजी विचारा, "तुझा सेन्सर रक्तात चालतो का गं?" बघा, वडे गार होईपर्यंत ती बोलत राहील!