मातीवरची शर्यत : लेखांक ४ – ऑगस्टचे पहिले दोन आठवडे

क्रॉस कंट्रीत संघाचे सात जण धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मोजले जातात आणि ज्याची बेरीज कमी तो संघ जिंकतो, हे मागच्या लेखात आलं. म्हणजे पाचव्या पोराला मोल आहे. हंगामाच्या तोंडावर काळजीही त्याचीच करावी लागते.

अमेरिकेतल्या शाळांचा हा हंगाम सुरू होतो ऑगस्टमध्ये. टेक्सास, जॉर्जियात तेव्हा सकाळी सातलाच अंग चिकचिकायला लागतं. सुट्टीभर एसीत लोळलेला नववीतला मुलगा पहिल्याच दिवशी बारावीच्या पोरांच्या घोळक्यात घुसतो आणि मागे पडायला तयार नसतो. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग नुसती उष्णता होऊन बसतो. ती बाहेर टाकायची सवय त्याच्या अंगाला अजून लागलेली नसते.

सवय लागते, पण तिला १० ते १४ दिवस हवेत. पहिल्या काही दिवसांत रक्तातला द्रवभाग वाढतो, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. मग घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ घटतं. हे सगळं उन्हात थोडंथोडं धावूनच मिळतं, नुसतं पाणी पिऊन नाही. म्हणून जाणता कोच पहिल्या आठवड्यात घड्याळ बाजूला ठेवायला लावतो. पालकांना तो आळशी वाटतो, वाटू दे!

तापमानाचा नुसता आकडाही फसवा. नागपूरचं कोरडं ऊन आणि मुंबईची घामट दुपार ज्यांनी भोगली आहे, त्यांना हे सांगायला नको. मैदानावरचं ‘वेट बल्ब ग्लोब’ यंत्र त्यामुळेच ओल्या कापडातल्या तापमापकाला ७० टक्के वजन देतं, उन्हातल्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या तापमापकाला अवघं १०. हा निर्देशांक ३३ अंशांच्या वर गेला की जॉर्जियाच्या शालेय नियमांनुसार बाहेरचा सराव बंद.

पॅरिसला १९२४च्या ऑलिंपिकमध्ये असा नियम नव्हता. रणरणत्या उन्हात ३८ जण सुटले, पोहोचले फक्त १५. पावो नुर्मी जवळपास दीड मिनिटाने जिंकला, पण कित्येक जण वाटेत कोसळले. त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून गेली ती गेलीच.

एवढं करूनही कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर? शरीर ४० अंशांपुढे गेलेलं असू शकतं. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट बघत बसायचं नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या फॅलमथ रोड रेसमध्ये १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ घटना नोंदल्या गेल्या. सगळे वाचले, कारण प्रत्येकाला जागेवरच बर्फाच्या पाण्यात बुडवलं गेलं. शाळांत त्यासाठी गुरांना पाणी पाजायची टाकीही चालते, मात्र ती धाव सुरू होण्याआधी भरलेली हवी.

पुढच्या आठवड्यात : चढावरचा सराव.