लूपर समेवर आणत नाही, आपल्यालाच यावं लागतं

आजच्या भागात थोडं गणित आहे, त्यामुळे ऐकताना आकडे निसटले असतील तर इथे निवांत वाचा.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कॅफेत मी आणि माझा एक मित्र वाजवत होतो. तो कॅहोनवर, कानात मेट्रोनोम. मी गिटार आणि पायाखाली लूपर. कॉर्ड्स लूपमध्ये टाकल्या, वर सोलो सुरू केला आणि मिनिटभरात सगळं विस्कटलं. गाणं मध्येच थांबवावं लागलं. समोर वीसेक लोक, त्यात माझ्या ऑफिसचे चार. मला वाटलं तो पळाला, त्याला वाटलं मी मागे पडलो. खरं तर वाजवण्यात दोघांचीही चूक नव्हती. चूक माझ्या पायाची होती, आणि ती पहिल्या दहा सेकंदांतच झाली होती.

लूपर करतो काय?

पेडल एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू. दुसऱ्यांदा दाबलं की तेवढाच तुकडा फिरून फिरून वाजायला लागतो. तिसऱ्यांदा दाबलं की त्याच्यावर नवा थर चढवता येतो, म्हणजे ओव्हरडब. बहुतेक पेडल्सचा साधारण हाच क्रम. २००४ मध्ये बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात केटी टनस्टॉल एकटीच गिटार आणि लूपर घेऊन उभी राहिली होती. बॅंड नाही, तरी ऐकताना बॅंडच वाटतो. २०१३ मध्ये आलेल्या बॉस आरसी-५०५ मध्ये तर पाच ट्रॅक आणि पाच फेडर आहेत. बीटबॉक्सर लोकांमध्ये ते मशीन फार चालतं.

पण यंत्र कितीही भारी असलं तरी लूपची लांबी कोण ठरवतं? तुमचं दुसरं दाबणं.

०.१ सेकंदाची गोष्ट

१०० बीपीएम म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची. १६ मात्रांचा लूप झाला ९.६ सेकंदांचा. समजा, दुसऱ्यांदा दाबायला मला ०.१ सेकंद उशीर झाला. लूप झाला ९.७ सेकंदांचा. एकट्याने वाजवत असाल तर कदाचित कळणारही नाही. पण मित्राच्या कानात मेट्रोनोम १०० वरच आहे. दर फेरीला लूप ०.१ सेकंद मागे पडणार. सहा फेऱ्यांत ०.६ सेकंद, म्हणजे अख्खी एक मात्रा! वेळ गेला ५८ सेकंद. आमचं मिनिटभरात का विस्कटलं, ते आलं ना लक्षात?

दुसरी चूक आम्हा प्रोग्रामर लोकांच्या ओळखीची आहे. मोजणीत एकाने चुकणं. नवखा माणूस एक ते सोळा मोजतो आणि 'सोळा' म्हणताना पेडल दाबतो. मग सोळावी मात्रा वाजायच्या आधीच लूप बंद! दाबायचं असतं सोळानंतर येणाऱ्या पुढच्या 'एक'वर. आपल्या भाषेत, समेवर.

लेहरा आठवा

तबल्याच्या सोलोला हार्मोनियम किंवा सारंगीवर लेहरा धरतात, तोही एक लूपच. तीनतालात १६ मात्रांची तीच ओळ पुन्हा पुन्हा. पण लेहरा धरणारा माणूस तबला ऐकत असतो, लय चढली तर तोही बरोबर चढतो. माझं साधं पेडल कोणाचंच ऐकत नाही. म्हणून लूप एकदा सुरू झाला की स्टेजवर लयीचा मालक तोच.

हे कळल्यावर मी तीन गोष्टी बदलल्या.

एक, मित्राच्या कानातला मेट्रोनोम बंद. त्याच्या मॉनिटरमध्ये आता माझा लूप मोठ्याने येतो. तो लूपला धरून वाजवतो, मी पण.

दोन, पहिला थर एकदम साधा आणि ठसठशीत. लूप नीट बंद झालाय का, ते पहिल्या फेरीतच ऐकतो. सांधा अडखळला तर लगेच पुसून पुन्हा. लोकांना वाटतं, सुरुवातच अशी आहे.

तीन, थर तीन-चारच. प्रत्येक थराने आवाज वाढत जातो आणि सगळ्याचा लगदा होतो. सोलोला जागा ठेवावी लागते.

काही लूपरमध्ये क्वांटाइझ असतं, ते दाबणं मशीनच्या तालावर आपोआप बसवतं. जरूर वापरा. पण त्यासाठी आधी टेम्पो ठरवावा लागतो आणि तुम्ही त्यालाच धरून वाजवावं लागतं.

पेडल घ्यायच्या आधी

मोबाइलवर मेट्रोनोम १०० वर लावा. दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर स्टॉपवॉच घ्या. 'एक'वर सुरू करा, सोळा मात्रा मोजा, पुढच्या 'एक'वर थांबवा. ९.६०च्या आसपास आलं तर पाय तयार आहे. ९.००च्या जवळ आलं तर तुम्ही सोळावरच थांबताय. पहिल्या दिवशी माझं ९.०४ आलं होतं!

तुमचं किती आलं, ते व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात.